आढाव्यातून गाळलेलं एडिंबरा

आमच्या मंडळाची स्मरणिका दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात निघते. तिच्यात मुलांनी काढलेली चित्रं असतात, अध्यक्षांचं मनोगत असतं (मागच्या वर्षीचंच, परिच्छेद वरखाली करून), आणि एक माहितीपर लेख असतो. माहितीपर लेख कुणी वाचत नाही, पण तो नसला तर स्मरणिका हलकी वाटते. यंदा सेक्रेटरींनी तो माझ्या गळ्यात घातला.

"तुम्ही सप्टेंबरात एडिंबराला जाऊन आलात ना? मग एक आढावा द्या. ऐतिहासिक राजधानी, समुद्रकिनारा वगैरे. चार पानं."

मी चार पानं दिली. शहर खडकावर कसं बसलंय, सगळ्यात वर किल्ला, तिथून एक रस्ता उतरत राजवाड्यापर्यंत कसा जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांसारख्या अरुंद गल्ल्या कशा फुटतात, हे सगळं लिहिलं. जुन्या गावात गरीब आणि श्रीमंत एकाच उंच इमारतीत राहायचे, फक्त मजले वेगळे. पुढे श्रीमंतांना वास सोसेना, तेव्हा त्यांनी मधलं घाणेरडं तळं आटवून पलीकडे नवं गाव वसवलं. सरळ रस्ते, सारख्या खिडक्या. तळ्याच्या जागी आता बाग आहे आणि तिथे बसून लोक सँडविच खातात. रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडते, कारण पूर्वी खाडीतल्या जहाजांना घड्याळ लावायचं असायचं. आता जहाजांकडे घड्याळं आहेत, पण तोफ उडवणाऱ्यांकडे गणवेश आहे, त्यामुळे ती चालूच आहे. हे वाक्य लोकांना आवडलं. समुद्राबद्दल एक परिच्छेद होता. ती खरं तर खाडी आहे, पण तिला खाडी म्हणणारा तिथे कुणी भेटला नाही.

लेखाचं कौतुक झालं. पुण्याला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी फोनवर पाठवला. अण्णा प्रत्येक गोष्टीवर बोलतात. लंडनजवळ मेडनहेडला आमच्या घरी सहा महिने राहून गेले, त्यात त्यांनी कौन्सिलच्या तीन रंगांच्या डब्यांवर जेवढं भाष्य केलं तेवढं इथल्या नगरसेवकांनीही केलं नसेल. लेखावर त्यांचा फक्त अंगठा आला. आमच्या घरात अंगठा जाऊन सही यायला एक पिढी खर्ची पडली होती. तो असा परत येईल असं वाटलं नव्हतं.

त्या अंगठ्याचा अर्थ मला लगेच कळला. म्हणून लेखात जे गाळलं ते इथे लिहितो आहे.

अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. पुणे महापालिकेत ते झाडणकामाला लागले तेव्हा विशीत होते. पहाटे कोठीवर हजेरी द्यायची, खराटा घ्यायचा आणि वाटून दिलेले रस्ते लोक उठायच्या आत झाडून काढायचे. ते करता करता मॅट्रिक झाले, पुढे मुकादम झाले, आणि मुकादम म्हणूनच निवृत्त झाले. त्या पगारावर मी इंजिनिअर झालो. लंडनच्या पश्चिमेकडे सांडपाण्याच्या वाहिन्यांचं नियोजन करणं हा माझा धंदा आहे. अण्णांना याचं फार हसू येतं. "मी वरून झाडलं, तू खालून झाडतोस," ते म्हणतात. "खातं एकच, फक्त तुला खुर्ची मिळाली."

पार्टीत कुणी विचारलं की मी 'ड्रेनेज' असं बेधडक सांगतो. इंजिनिअरच्या तोंडी तो शब्द चांगला दिसतो. वडिलांबद्दल विचारलं तर सांगतो, "महापालिकेत होते." हे वाक्य मी कॉलेजपासून वापरतो आहे. त्यात खोटं एक अक्षर नाही, आणि त्यापुढे बहुतेक लोक विचारत नाहीत. विचारणारे फक्त आपले मराठी लोक.

सप्टेंबरात बायकोला सुट्टी नव्हती. मी, अण्णा आणि माझी सतरा वर्षांची मुलगी असे तिघे ट्रेनने एडिंबराला गेलो. मी तीन पुस्तकं वाचून तयार होतो. अशा तयारीचा त्रास बरोबरच्यांना होतो. स्टेशनातून बाहेर पडल्यापासून मी बोलत होतो. किल्ल्यापुढे घागऱ्यातला एक माणूस बॅगपाइप वाजवत होता आणि मी अण्णांना सांगत होतो की ही जी प्राचीन परंपरा दिसते आहे तिच्यातला बराचसा भाग पर्यटन खात्याच्या वयाचा आहे. एका तत्त्वज्ञाचा पुतळा लागला. आयुष्यभर चमत्कारांवर शंका घेतलेला माणूस. विद्यार्थी परीक्षेत पास व्हावं म्हणून त्याच्या पायाचा अंगठा चोळतात, आणि तो चोळून चोळून पिवळाधमक झालाय.

"आपल्याकडे निदान हार घालतात," अण्णा म्हणाले. "अंगठा झिजवत नाहीत."

मग मी त्यांना जुनं गाव आणि नवं गाव समजावलं. ते दोन्हीकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

"म्हणजे इथे उलटंच की रे. आपल्याला गावाबाहेर ठेवलं. इथे हेच गावाबाहेर गेले."

तीन पुस्तकांत हे कुणी लिहिलं नव्हतं. मी ते लेखात घातलं नाही, कारण ते माझं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यातला 'आपल्याला' शब्द मला चार पानांत कुठे बसवावा कळेना.

दुपारी आम्ही जमिनीखालच्या गल्ल्या बघायच्या रांगेत उभे होतो. जुन्या गल्ल्यांवर पुढे मोठ्या इमारती चढल्या आणि खालची घरं तशीच गाडली गेली. आता तिथे तिकीट काढून उतरता येतं. पुढे एक जोडपं होतं, माझ्याच वयाचं. नवऱ्याने मागे वळून बघितलं.

"मराठी ना? मी म्हटलंच हिला, हे 'पुढे सरका' आपलंच आहे."

ते ब्रिस्टलला राहायचे, तो विमानांचे पंख बनवणाऱ्या कंपनीत होता. चांगला माणूस. लगेच त्याने मुलीला चॉकलेट दिलं आणि चौकशी सुरू केली. ही चौकशी मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. ती जिना उतरल्यासारखी पायरी पायरीने खाली जाते.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"पुणे."

"पुण्यात कुठे?"

"मध्यवस्तीत."

"म्हणजे पेठेत?"

"पेठेला लागूनच." महापालिकेची कामगार वसाहत पेठेला लागूनच आहे.

"आडनाव काय म्हणालात?"

म्हणालो नव्हतो. सांगितलं. आमचं आडनाव दोन्हीकडे चालतं. त्यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळत नाही, आणि या सोयीचा मी आयुष्यभर फायदा घेतला आहे.

"हां हां, म्हणजे साताऱ्याकडचे. आमच्या हिचे मामा तिकडचेच देशमुख."

"मूळ गाव तिकडचंच," मी म्हणालो. तेही खरं. गाव तिकडचं आहे, फक्त वेशीच्या अलीकडचं की पलीकडचं एवढा तपशील राहिला.

"आणि काका काय करायचे?"

"महापालिकेत होते."

"अरे वा. ऑफिसर?"

"हो," मी म्हणालो. "रिटायर होऊन बरीच वर्षं झाली."

हे पहिलं खोटं अक्षर. अण्णा माझ्यापासून एका हातावर उभे होते आणि त्यांचे कान चांगले आहेत.

अण्णा भेटणाऱ्या प्रत्येकाला जय भीम म्हणतात. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट बाईंनाही म्हणायचे. मेडनहेडच्या आमच्या पोस्टमनला तो मराठी गुड मॉर्निंग वाटतो, आता तोच आधी म्हणतो. ब्रिस्टलचा माणूस अण्णांकडे वळला आणि वाकून म्हणाला, "नमस्कार काका." अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं, हात जोडले, आणि म्हणाले, "नमस्कार."

मी त्यांना असं म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं. चौथीत असताना मास्तरांसमोर मी खोटं बोललो तेव्हाही त्यांनी असंच सांभाळून घेतलं होतं आणि घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

खाली गाईड एक तरुण पोरगी होती, जुन्या काळच्या मोलकरणीचा वेश केलेली. अरुंद गल्लीत तिने आम्हाला उभं केलं आणि या शहराची सगळ्यात आवडती गोष्ट सांगितली. वरच्या मजल्यांवर संडास नव्हते. रात्री ठरलेल्या वेळी बादल्या खिडकीतून खाली ओतायच्या. ओतण्यापूर्वी ओरडायचं, म्हणजे खालचे लोक पळतील. तिने ओरडून दाखवलं, रिकामी बादली उलटी केली, पुढचे दोघे दचकून मागे सरले आणि सगळे हसले. मीही हसलो. माझ्या धंद्यातला हा जुनाच विनोद आहे.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"एक्सक्यूज मी. इन द मॉर्निंग, हू वॉज क्लीनिंग?"

गाईडला उच्चार कळला नाही. "सॉरी?" म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली. ब्रिस्टलच्या माणसानेही मान वळवली. तो कुतूहलानेच बघत असणार, पण मला त्या मानेत सगळा जिना दिसला, खालच्या पायरीपर्यंत. ऑफिसर असा प्रश्न विचारत नाही. ज्याने सकाळी खराटा धरलाय तोच विचारतो.

मी इंग्रजीत म्हणालो, "आपण रस्त्याच्या किती खाली आहोत, असं विचारतायत."

"अच्छा!" गाईड खुश झाली. "तुम्ही कितीही ओरडलात तरी वर ऐकू जाणार नाही, इतके!"

पुन्हा सगळे हसले. अण्णांनी हात खाली घेतला. मुकादम म्हणून वर्षानुवर्षं इंग्रजी परिपत्रकं वाचलेल्या माणसाला एवढं इंग्रजी समजतं. बाहेर येईपर्यंत त्यांनी गल्लीतल्या दगडी गटाराची रुंदी तेवढी पावलाने मोजली.

बाहेर ब्रिस्टलच्या माणसाने आम्हा सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, माझा नंबर घेतला, "आमच्याकडे या, काकांना घेऊन या" म्हणाला आणि ते गेले. अण्णा कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसले. माझी मुलगी माझ्याजवळ आली.

"बाबा, दॅट्स नॉट व्हॉट ही आस्क्ड."

"गाईडला कळलं नसतं."

"तू सांगितला असता तर कळलं असतं. आणि मलापण पाहिजे होतं उत्तर. कोणी क्लीन केलं?"

"मला माहीत नाही."

"तुझी जॉब आहे ना ती?"

तिच्या मराठीला लिंगाचा भरवसा नसतो, पण तिला काय म्हणायचंय त्याबद्दल शंका नसते.

"आणि आजोबा ऑफिसर कधी होता?" तिने विचारलं.

तिला खरंच माहीत नव्हतं. मग लक्षात आलं की 'महापालिकेत होते' हे वाक्य मी तिलाही तेवढंच दिलं होतं. आजोबा खराटा घेऊन रस्ता झाडायचे, हे मी तिला त्या फुटपाथवर उभं राहून, आवाज खाली ठेवून सांगितलं. आसपास मराठी कळणारं कुणी नव्हतं, तरी आवाज खालीच होता.

"सो?" ती म्हणाली, आणि आजोबांजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नाश्त्याला म्हणाले, "किल्ला झाला, राजवाडा झाला. राजधानी समुद्राला लागून आहे म्हणालास. समुद्र दाखव." आवाज नेहमीचा होता, त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं.

बसने अर्ध्या तासात पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर गेलो. लांबलचक वाळू, तिला लागून फिरायचा रस्ता, आणि असा वारा की कुत्र्यांचे कान मागे उडत होते. पाणी राखाडी. पलीकडचा किनारा दिसत होता, म्हणजे खाडीच, पण मी गप्प राहिलो. त्या दिवशी मी एकूणच कमी बोललो.

रात्रीतून वाऱ्याने वाळू रस्त्यावर आणली होती. कौन्सिलचा एक माणूस, साठीच्या आसपासचा, पिवळं जॅकेट घातलेला, ती रुंद झाडूने परत किनाऱ्याकडे लोटत होता. अण्णा थांबले. पाच मिनिटं त्यांनी समुद्राकडे पाठ करून त्याचं काम बघितलं.

"वाऱ्याविरुद्ध मारतोय," ते म्हणाले. "दुप्पट काम पडेल त्याला."

"अण्णा, चला, चहा घेऊ."

पण ते गेलेसुद्धा. हाताने वारा दाखवला, झाडू मागितली. त्या माणसाने गंमत म्हणून दिली. अण्णांनी वाऱ्याला पाठ दिली, पाय थोडे फाकवले, आणि तिरकस, छोटे छोटे हात मारत चारपाच फूट रस्ता असा काढला की त्या माणसाने शीळ घातली. अण्णांचं शरीर एवढं सहज मी मेडनहेडच्या सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. सोफ्यावर ते पाहुण्यासारखे बसत.

तो माणूस बोलायला लागला. वीस वर्षं या देशात राहून मला त्याचं बोलणं निम्मंच कळत होतं. अण्णांना त्याहून कमी कळत असणार, पण ते बरोबर जागी मान हलवत होते. मग त्यांनी कालचाच प्रश्न विचारला. आधी, जुन्या काळी, वरून सगळं ओतायचे तेव्हा सकाळी कोण साफ करायचं? या वेळी मी तो नीट सांगितला.

"आम्हीच," तो म्हणाला. "दुसरं कोण?" त्याच्या आजोबांचे आजोबा गाडीवर होते, असं त्यांच्या घरी सांगतात. उजाडायच्या आत गल्ल्या खरवडायच्या, गाड्या भरायच्या आणि गावाबाहेरच्या शेतकऱ्यांना खत म्हणून नेऊन द्यायच्या. लोक आपल्या पणजोबांची पलटण सांगतात त्या सुरात तो हे सांगत होता.

अण्णांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग झाडू परत देत माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला सांग, मी महापालिकेत होतो."

शब्द माझेच होते. त्यांनी ते जसेच्या तसे, घडी न मोडता परत दिले.

मी त्या माणसाला सांगितलं. माझे वडील पुण्याचे रस्ते झाडायचे, मग मुकादम झाले, चौतीस वर्षं तेच काम केलं. 'स्वीपर' हा शब्द इंग्रजीत अगदी सहज निघाला. त्या माणसाने हातमोजा काढून अण्णांशी हात मिळवला. मुलीने फोटो घेतला. मला वाटलं, झालं, फिटलं. मनातून थोडा खुशही झालो.

अण्णा बाकावर बसले, बुटातली वाळू काढली आणि म्हणाले, "छान सांगितलंस. इंग्रजीत सोपं जातं. मराठीत सांग कुणाला तरी कधी."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. नोव्हेंबरात ते पुण्याला परतले.

म्हणून त्या चार पानांची लाज वाटते. स्मरणिका मराठीत होती. वाचणारे आमचेच होते. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कुणी ना कुणी खराटा धरलेलं, गिरणीत राबलेलं किंवा रेल्वेत हमाली केलेलं आहे. तिथे लपवायचं काही कारण नव्हतं. पण लेख लिहायला बसलो आणि किल्ला आला, तोफ आली, तत्त्वज्ञाचा अंगठा आला, आणि शहर झाडणारा माणूस आला नाही. तोफवाल्यांना मी हसलो होतो. जहाजांची गरज संपली तरी गणवेश उतरवत नाहीत म्हणून. माझा लेख तरी दुसरं काय होता?

अण्णांचा अंगठा आल्यावर दोन दिवसांनी मी ब्रिस्टलच्या माणसाचा नंबर शोधला. त्याने पाठवलेला फोटो तिथे होता, खाली 'काकांची तब्येत कशी आहे?' असा जुना प्रश्न, मी उत्तर न दिलेला. त्याखाली मी मराठीत लिहिलं: 'तब्येत उत्तम. त्या दिवशी तुम्ही विचारलंत ते ऑफिसर होते का, मी हो म्हणालो. ते खोटं होतं. वडील झाडणकामगार होते, नंतर मुकादम. आणि त्यांनी गाईडला वेगळंच विचारलं होतं. सकाळी हे कोण साफ करायचं, असं.' तीन ओळी. लिहायला पाऊण तास लागला.

उत्तर संध्याकाळी आलं. 'अच्छा अच्छा. चांगला प्रश्न होता की. काकांना नमस्कार सांगा.'

हे उत्तर मी अनेकदा वाचलं. दोनदा 'अच्छा' का, यावर विचार केला. बहुधा त्यात काहीच नसेल. किंवा असेल. अशा वाक्यांचं वजन करत बसायची मला सवय आहे, आणि ती सवयही लाज वाटण्यासारखीच.

रविवारी अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. मागे त्यांचा कुकर वाजत होता.

"काय म्हणाला मग तो?"

"चांगला प्रश्न होता म्हणाला. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"बरं," अण्णा म्हणाले. "त्याला माझा जय भीम सांग. त्या दिवशी राहिला होता."

"सांगतो."

या गोष्टीला आज आठ दिवस झाले. मी अजून तो पाठवलेला नाही. आधी हे लिहून संपवावं म्हटलं. पण हेही आता संपलंच आहे, आणि फोन इथेच, कागदाशेजारी आहे.